मुंबई : कांठावरून आणि पाण्यावरून

नव्या शहरीं गेलेला प्रवासी बहुधा दोन गोष्टी करतो. एखादा माहितगार वाटाड्या गांठून तेथील जुनीं ऐतिहासिक स्थळें पाहतो. आणि शहर नदीच्या अथवा समुद्राच्या कांठीं असेल तर नौकेंत बसून घटकाभर जलविहार करतो. लंडनास टेम्स नदीवर, पॅरिसास सीन नदीवर ही सोय फार दिवसांपासून आहे, व अनेक ठिकाणीं ह्या दोहोंचें मिळून एकच तिकीट विकतात. परंतु तिकीट एक असलें तरी मनाच्या वहींत त्यांचीं पानें निरनिराळींच राहतात. सकाळीं इतिहास, दुपारीं मौज, अशी वांटणी होते. वाटाड्या धक्क्यापर्यंत पोंचवून रामराम करतो, आणि पुढें पाण्यावर जें दिसतें त्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं.

प्रस्तुत लेखांत मुंबईचें उदाहरण घेतलें आहे. जें शहर बंदरामुळें वसलें, बंदरामुळें वाढलें, त्याचा इतिहास केवळ रस्त्यांवरून पाहूं जाणें म्हणजे पुस्तकाचीं डावीकडचींच पानें वाचण्यासारखें आहे. हीं दोन अंगें एका दिवसांत कशीं जोडावीं, आणि कोणतें आधीं घ्यावें, ह्याचा थोडा विचार करूं.

प्रथम बंदराची रचना ध्यानांत आणावी. मुंबई हें मूळचें एक बेट नव्हे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम अशीं सात बेटें भराव घालून जोडलीं गेलीं आणि आजची लांबट भूमि झाली. तिच्या पश्चिमेस उघडा अरबी समुद्र आहे. पूर्वेस ही भूमि व कोंकणचा किनारा ह्यांच्या मध्यें खोल, विस्तीर्ण आणि निवाऱ्याचें पाणी आहे. पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा सुटून समुद्र खवळतो, तेव्हां त्याचा पहिला मारा मुंबई आपल्या पाठीवर घेते, आणि तिच्या पोटाशीं जहाजें सुरक्षित राहतात. १६६१ च्या विवाहकरारानें हीं बेटें पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे आलीं. १६६८ मध्यें त्यानें तीं वर्षाला दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीस दिलीं. राजाला त्यांचें मोल कळलें नव्हतें, व्यापाऱ्यांना कळलें. १६८७ मध्यें कंपनीनें पश्चिम किनाऱ्यावरील आपलें मुख्य ठाणें सुरतेहून मुंबईस आणलें, त्याचें मुख्य कारण हें पाणीच होय. म्हणून मुंबईचें तोंड पूर्वेकडे आहे. आज आपण चौपाटीवर उभे राहून पश्चिमेकडे पाहतों व तीच मुंबईची दर्शनी बाजू समजतों. इतिहासाच्या दृष्टीनें ती परसदाराची बाजू आहे.

आतां क्रमाचा प्रश्न. पुष्कळांचें मत असें कीं, आधीं जमिनीवरचीं स्थळें पाहून माहिती करून घ्यावी व मग नौकेंतून तींच दुरून न्याहाळावीं. ह्या मतांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु मुंबईपुरतें बोलावयाचें तर दोन कारणांनीं उलट क्रम अधिक बरा. पहिलें कारण सूर्य. गेट-वेचें समुद्राकडील तोंड पूर्वेस असल्यामुळें सकाळचें ऊन त्याच्या कमानीवर सरळ पडतें व पिवळसर दगड उजळून निघतो. दुपार टळली कीं तीच इमारत पाण्यावरून काळसर दिसूं लागते. ह्याच्या उलट कोटांतील टाऊन हॉलची दर्शनी बाजू पश्चिमेस आहे, ती तिसऱ्या प्रहरीं शोभते. दुसरें कारण असें कीं, दोनशें वर्षांपूर्वीं परदेशचा पाहुणा मुंबईस यावयाचा तो ह्याच वाटेनें. त्याला आधीं पाणी दिसे, मग तट, मग दरवाजा, मग गांव. त्याच क्रमानें पाहिलें म्हणजे प्रत्येक वस्तू आपल्या जागीं कां आहे हें न सांगतां कळतें.

सकाळीं साडेआठाच्या सुमारास गेट-वेपाशीं जावें आणि लाँचेंत चढण्यापूर्वीं अर्धा तास तेथेंच घालवावा. पंचम जॉर्ज बादशहा व मेरी राणी २ डिसेंबर १९११ रोजीं येथें उतरलीं, तिचें हें स्मारक. परंतु त्या दिवशीं ही कमान नव्हती. जॉर्ज विटेट ह्या शिल्पकाराचा आराखडा १९१४ मध्यें मंजूर झाला, समुद्र हटवून भराव घालण्यांत पुढचीं वर्षें गेलीं, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजीं लॉर्ड रेडिंग ह्यांच्या हस्तें उद्घाटन झालें. सुमारें ८५ फूट उंचीच्या ह्या इमारतींत गुजराथी धर्तीच्या जाळ्या आहेत आणि युरोपीय विजयकमानीचा डौल आहे. बादशहाच्या आगमनासाठीं बांधलेल्या ह्याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं शेवटची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फंट्री, बाहेर पडून बोटींत बसली. पूर्ण होऊन चोवीस वर्षेंही झालीं नव्हतीं.

शेजारचें ताजमहाल हॉटेल गेट-वेहून वडील आहे. तें १९०३ मध्यें उघडलें. त्याच्या मूळ आराखड्यावर काम करणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी गृहस्थ होते. वैद्यांचें नांव वाटाडे क्वचितच घेतात, म्हणून येथें मुद्दाम लिहिलें.

गेट-वेहून मिळणाऱ्या जलविहाराचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक अर्ध्या तासाचा. लाँच थोडी आंत जाऊन वळसा घेऊन परत येते. ज्यांना चढण झेपत नाहीं अथवा वेळ नाहीं त्यांना तो पुरे आहे. गेट-वे व ताज ह्यांचें समोरून दर्शन घडतें. परंतु त्यानें बंदर कळत नाहीं. दुसरा प्रकार घारापुरीचा. बेट सुमारें दहा-अकरा किलोमीटर दूर असून जावयास तासभर लागतो. ज्याला इतिहास पाहावयाचा आहे त्यानें हाच घ्यावा. लाँचा नवाच्या सुमारास सुटूं लागतात. पहिल्या दुसऱ्या लाँचेनें निघावें. वरच्या मजल्यावर बसण्यास थोडें अधिक भाडें पडतें, तें देण्यास कांकूं करूं नये. खालून नुसतें पाणी दिसतें. वरून नकाशा दिसतो.

लाँच कांठ सोडते तेव्हां सर्वांचीं तोंडें मागें गेट-वेकडे असतात. ती हौस फिटली कीं डाव्या हातास, म्हणजे उत्तरेस, पाहावें. तेथें नौदलाच्या राखाडी युद्धनौका व उंच याऱ्या दिसतील. ही सामान्य गोदी नव्हे. १७३६ मध्यें सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार-कारागीर आपलीं माणसें घेऊन येथें आला, आणि १७५० च्या सुमारास येथें जी सुकी गोदी झाली ती आशिया खंडांतील पहिली समजतात. सुकी गोदी म्हणजे दाराचा हौद. भरतीच्या वेळीं जहाज आंत घ्यावयाचें, दार लावावयाचें, पाणी काढून टाकावयाचें. मग जहाजाचें पोट कोरडें होऊन दुरुस्त करतां येतें. मलबारच्या सागवानाचीं ह्या गोदींत बांधलेलीं जहाजें विलायतेच्या ओक लांकडाच्या जहाजांना टिकाऊपणांत हार जात नसत. १८१७ मध्यें येथें पाण्यांत सोडलेलें 'ट्रिंकोमाली' नांवाचें जहाज आज दोनशें वर्षांनंतरही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे व लोक तें पाहावयास जातात.

ह्या गोदीच्या पाठीशींच मुंबईचा मूळ किल्ला होता. तो जमिनीवरून पाहावयास मिळत नाहीं, कारण ती सर्व जागा नौदलाच्या ताब्यांत आहे. पायीं फिरणाऱ्या मंडळीस वाटाड्या टाऊन हॉलच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवून पुढें नेतो. जेथून मुंबईचा कारभार सुरू झाला तीच जागा पायीं फिरण्यांत वगळली जाते. पाण्यावरून निदान तिचा समुद्राशीं संबंध तरी दृष्टीस पडतो. जहाज कोठें लागे, तोफा कोणत्या पाण्यावर रोखलेल्या असत, हें एका दृष्टिक्षेपांत उमगतें. ह्याच जागीं इंग्रजांपूर्वीं गार्सिया द ऑर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा वाडा होता. हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्यें गोव्यास छापला गेला. आणि आज तेथें जें नौदलाचें ठाणें आहे त्याचें नांव 'आंग्रे'. ज्या कान्होजी आंग्र्यांच्या धाकानें किल्ल्यांतील कंपनीवाल्यांची झोंप उडत असे, त्यांचेंच नांव किल्ल्याला मिळालें! इतिहास कधीं कधीं असा विनोदही करतो. मात्र नौदलाच्या जागेचीं छायाचित्रें घेण्यास मनाई आहे, ती पाळावी.

पुढें पाणी मोकळें होतें. वाटेंत जवाहर द्वीप लागतें. जुन्या लोकांच्या तोंडीं बुचर बेट. तेथें तेलवाहू जहाजें रिकामीं होतात. उत्तरेस तुर्भ्याचे डोंगर, आणि त्यांच्या अलीकडे शिवडीहून न्हावाशेव्याकडे गेलेला अटल सेतु स्वच्छ दिवशीं रेघेसारखा दिसतो. जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीचा हा पूल १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. घारापुरीच्या पलीकडे न्हावाशेव्याच्या याऱ्या दिसूं लागतात. १९८९ मध्यें तें बंदर सुरू झालें, आणि मुंबईचा मोठा व्यापार ह्या कांठावरून त्या कांठावर सरकला. एका तासाच्या प्रवासांत अठराव्या शतकाची गोदी, विसाव्या शतकाचें तेल आणि आजचे पेटारे हीं एकापुढें एक मांडलेलीं दिसतात. परंतु पाण्यावर फलक नसतात. म्हणून वाटाड्याची खरी गरज येथें आहे. वाटाड्या ठरवितांना पहिला प्रश्न हाच विचारावा, "आपण लाँचेंत आमच्याबरोबर याल ना?" नाहीं म्हटलें तर दुसरा पाहावा, सरकारी परवाना असलेला मिळाल्यास उत्तम.

घारापुरीस उतरल्यावर लांब धक्का लागतो. सभोंवती चिखलाचा उथळ किनारा असल्यामुळें तो तसा बांधावा लागला. धक्क्यावरून एक छोटी आगगाडी चालते. तरुणांनीं पायींच जावें. पुढें सुमारें १२० पायऱ्या आहेत. बेट रायगड जिल्ह्यांत उरण तालुक्यांत मोडतें, आणि राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर अशीं तीन खेडीं त्यावर आहेत. एवढ्या मोठ्या शहराच्या दृष्टीसमोर असूनही ह्या खेड्यांना कायमची वीज २०१८ च्या फेब्रुवारींत, समुद्राच्या तळाखालून तार टाकून, मिळाली. तोंवर रात्रीं समोर मुंबईचा लखलखाट आणि घरीं जनित्राची दोन-चार तासांची बत्ती अशी स्थिति होती. लेण्यांकडे धांवत सुटणाऱ्या पाहुण्यांना ह्याची वार्ताही नसते.

मुख्य लेणें सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचें मानतात. त्याचा काल सांगणारा शिलालेख होता असें म्हणतात. पोर्तुगीजांनीं तो काढून आपल्या देशीं पाठविला आणि तेथें तो गहाळ झाला. म्हणून विद्वानांना शिल्पाच्या धाटणीवरून व बेटावर सांपडलेल्या कलचुरी राजा कृष्णराजाच्या नाण्यांवरून अनुमान करावें लागतें. दक्षिणेच्या भिंतींतील सुमारें वीस फुटी त्रिमुखी मूर्ति सर्वप्रसिद्ध आहे. तिला ब्रह्मा, विष्णु व महेश म्हणण्याची चाल पडली आहे व वाटाडेही तसेंच सांगतात. परंतु हीं तिन्ही मुखें शिवाचींच असून मूर्ति सदाशिवाची आहे, असा अभ्यासकांचा निर्वाळा आहे. एका बाजूस उग्र अघोर, दुसऱ्या बाजूस स्त्रीसुलभ सौम्य मुख, मध्यें शांत. बाहेरच्या उन्हांतून येऊन लगेच मूर्तिपुढें उभे राहूं नये. उत्तरेच्या दारीं पांच मिनिटें थांबावें, डोळे अंधाराला सरावूं द्यावे, मग खांबांच्या रांगांतून हळूहळू पुढें जावें. अर्धनारीश्वर, गंगाधर, कल्याणसुंदर, रावणानुग्रह हे पट एकामागून एक पाहावे. पुष्कळ मूर्तींचे हातपाय भंगलेले आहेत; तरी कल्याणसुंदर पटांतील पार्वतीच्या मुखावरील लज्जा अजून अभंग आहे. १९८७ पासून हीं लेणीं जागतिक वारशाच्या यादींत आहेत.

एवढें मोठें लेणें बेटावर कां खोदलें, हा प्रश्न लाँचेनें येणारास आपोआप सुचतो, आणि उत्तरही त्याला बंदरांतच सांपडतें. मुंबई जन्मास येण्यापूर्वीं हजार वर्षें ह्या पाण्यावर गलबतें चालत होतीं, आणि घारापुरी हें त्यांच्या वाटेवरचें ठिकाण होतें. बंदर जुनें, शहर नवें.

परत फिरून एक-दीडपर्यंत गेट-वेस पोंचावें, जेवावें, विसांवा घ्यावा, आणि तीनच्या सुमारास पायीं निघावें. ही फेरी जेमतेम दीड-दोन किलोमीटरांची आहे. काळा घोडा भागांतील ज्या रस्त्यास पूर्वीं रॅम्पार्ट रो म्हणत, तेथून तटाची ओळ जात असे, म्हणून तें नांव. कोटाला अपोलो, चर्च व बाजार असे तीन दरवाजे होते. १८६० नंतरच्या दशकांत गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांनीं तट पाडविले. आतां सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत थोडा अवशेष उरला आहे. आजच्या हुतात्मा चौकाजवळ चर्च गेट होतें. त्या दरवाज्यांतून सरळ ज्या देवळाकडे रस्ता जाई तें सेंट टॉमस कॅथीड्रल १६७६ मध्यें जेराल्ड ऑन्जियर ह्यांनीं सुरू केलें व १७१८ च्या नाताळांत उघडलें. मुंबईच्या जुन्या मैलांच्या दगडांचें अंतर ह्याच देवळापासून मोजीत. आंतील भिंतींवरील संगमरवरी स्मृतिलेख सावकाश वाचावे. जहाजांवर आणि दूरच्या मोहिमांत मेलेल्या तरुणांचीं वयें पाहून मन चरकतें.

पुढें हॉर्निमन सर्कल. येथें पूर्वीं मोकळें मैदान होतें व कापसाच्या गांठींच्या राशी पडत. १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध माजून तेथील कापूस विलायतेस जाईना, तेव्हां मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या भरभराटीच्या काळांतच हें वर्तुळ आणि शहराचा पुष्कळसा नवा थाट उभा राहिला. समोर टाऊन हॉल, १८३३ मध्यें पुरा झालेला. तीस पायऱ्या, वर डोरिक धर्तीचे भव्य खांब, आणि आंत एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय. पायऱ्यांवर बसून पश्चिमेचें ऊन अंगावर घेतां येतें. त्या वेळीं आपल्या पाठीमागें किल्ला, त्याच्या मागें गोदी, आणि त्याच्या मागें सकाळीं ओलांडलेलें पाणी आहे, ही आठवण वाटाड्यानें करून दिली तर दिवसाचे दोन्ही भाग येथें जुळतात.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. लेणीं सोमवारीं बंद असतात. भरती-ओहोटी पाहून दिवस निवडतां आला तर बरें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईस दुपारीं बाराच्या मागेंपुढें भरती येते, आणि अष्टमीच्या सुमारास त्याच वेळीं ओहोटी असते. ओहोटीस दोन्ही कांठांच्या पायऱ्या निसरड्या होऊन चढउतार अवघड पडते. सोबत वृद्ध असतील तर हें अवश्य पाहावें. पावसाळ्यांत लाँचा हवेच्या लहरीवर चालतात; बावटा लागला कीं बंद. तेव्हां हट्ट धरूं नये. १७ जुलै १९४७ रोजीं, अमावास्येच्या दिवशीं, भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट ह्याच पाण्याच्या तोंडाशीं उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. कोंकणांतील कितीएक घरांत ती तारीख अजून विसरलेले नाहींत. पावसाळाच धोक्याचा असेंही नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं, भर हिंवाळ्यांत, घारापुरीच्या वाटेवरील एका प्रवासी लाँचवर नौदलाची चांचणी चाललेली वेगवान बोट आदळली व दहांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. लाँचेंत पाय ठेवतांच तरंगणारें जाकीट मागून घ्यावें, अंगांत घालावें, त्याचे बंद बांधावे, आणि उकडतें म्हणून काढूं नये. कोणी हंसलें तर हंसूं द्यावें.

दुसऱ्या दिवशीं तासभर मोकळा असेल तर भायखळ्यास राणीच्या बागेकडे जावें. घारापुरीच्या किनाऱ्यावर एके काळीं दगडाचा एक प्रचंड हत्ती उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं बेटास एलेफंटा हें नांव दिलें. १८१४ मध्यें तो कोसळला. १८६४ मध्यें त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, परंतु उचलतांना यारी मोडली. मग तुकडे मुंबईंतच ठेविले गेले आणि १९१४ मध्यें ते जोडून हत्ती पुन्हां उभा करण्यांत आला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत तो आतां झाडांच्या सावलींत आहे. सांधे स्पष्ट दिसतात.